गच्चीवरचं किश्क

मे २०१० मध्ये बैरूतजवळ तीनशे आचाऱ्यांनी मिळून १०,४५२ किलो हमस केलं आणि गिनेस बुकात नाव नोंदवलं. आकडा असा आडनिडा का, तर लेबनॉनचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर आहे म्हणून. त्याआधी काहीच महिने इस्रायलमधल्या अबू घोश गावाने चार टनांहून जास्त हमस एका सॅटेलाइट डिशमध्ये ओतून विक्रम आपल्याकडे नेला होता. हे त्याला उत्तर. काबुली चणे, तिळाची ताहिनी, लिंबू आणि लसूण, एवढ्या ऐवजावरून दोन्हीकडची माणसं तेव्हा हातघाईवर आली होती.

मला तो सगळा प्रकार जितका गमतीचा वाटतो तितकाच वाया गेलेला वाटतो. हमस दमास्कसमध्येही आहे, जेरुसलेममध्येही आहे, कैरोतही आहे. ते त्या अख्ख्या पट्ट्याचं आहे. त्यावर एकाच देशाने सातबारा काढायला जाणं म्हणजे उगीच वाद ओढवून घेणं. लेबनॉनला जगापुढे काही मिरवायचंच होतं तर किश्क मिरवायचं. त्यावर कुणी हक्क सांगायला आलं असतं असं वाटत नाही. एक तर ते दिसायला काहीच नाही, गहू आणि दही आंबवून वाळवलेलं पांढरट पिवळं पीठ. दुसरं म्हणजे त्याचा वास.

लेबनीज जेवणाशी माझी ओळख आखातात राहणाऱ्या बहुतेक मराठी माणसांची होते तशीच झाली, म्हणजे दुबईतल्या हॉटेलात, कुणाच्या तरी निरोपाच्या पार्टीला. टेबलभर बशा. हमस, भाजलेल्या वांग्याचं मुतब्बल, बीट घालून गुलाबी केलेलं सलगमचं लोणचं, लसणाचं पांढरंशुभ्र तूम, फुगलेल्या गरम रोट्या. शाकाहारी माणसाचीही चंगळ. तेव्हापासून आमच्या घरात ‘आज लेबनीज खाऊ’ याचा अर्थ ठरून गेला. तो मोडला माझ्या ऑफिसातल्या लेबनीज शेजारणीने. तिच्या डब्यात कधीच यातलं काही नसायचं. असायचं काय, तर मसूर आणि जाड बुलगुर, म्हणजे उकडून भरडलेला गहू, एकत्र शिजवून वर काळपट तळलेला कांदा घातलेली मुजद्दरा, सोबत कोबीची आंबट कोशिंबीर. किंवा ऑलिव्ह तेलात मऊ शिजवलेल्या फरसबीच्या शेंगा, गार. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाली, “ते हॉटेलचं खाणं. घरी आम्ही रोज पंचवीस बशा धुतो असं वाटतं का तुला?”

मग तिनेच सप्टेंबरात गावी यायचं बोलावणं दिलं. मुद्दाम सप्टेंबरात. “आई मूने घालते तेव्हा ये, नाहीतर येऊच नकोस.”

मूने म्हणजे वर्षाची बेगमी. लेबनॉन हा दोन डोंगररांगांचा देश आहे. समुद्राकडची लेबनॉन रांग, सीरियाकडची तिची समोरची रांग आणि मधे बेका खोरं. उन्हाळाभर तिथे पावसाचा थेंब नसतो, आणि हिवाळ्यात वरच्या गावांच्या वाटा बर्फाने बंद होतात. निदान पूर्वी महिना महिना बंद राहायच्या. म्हणजे वाळवायला ऊन भरपूर, आणि वाळवलं नाही तर पुढे उपास. या दोन गोष्टींनी मिळून तिथलं स्वयंपाकघर घडवलंय. हॉटेलातल्या टेबलावर जे येतं ते त्याचं पाहुण्यांसमोरचं रूप. खरा कारभार जिन्याखालच्या नाहीतर तळघरातल्या कोठीत चालतो.

त्यांचं गाव झाहलेच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. खाली अख्खं बेका खोरं चौकटी चौकटींनी पसरलेलं. नातवंडं मैत्रिणीच्या आईला तेता म्हणायची, म्हणून मीही तेताच म्हणायला लागले. तिचं फ्रेंच बरं होतं, इंग्रजी नव्हतं. माझं अरबी दुबईच्या टॅक्सीपुरतं. पण स्वयंपाकघरातली कामं दाखवायला भाषा फारशी लागत नाही, आणि जिथे लागायची तिथे मैत्रीण होतीच, कंटाळत का होईना भाषांतर करायला.

गच्चीवर पोचले तेव्हा एका कोपऱ्यात बुलगुर वाळत होता. गहू आणून निवडून, धुऊन तो आधी मोठ्या तांब्याच्या हंड्यात उकडतात. हा हंडा एवढा मोठा की घरोघरी तो नसतो, गल्लीत एखाद्याकडे असतो आणि फिरतो. गहू उकडायच्या दिवशी पोरं वाट्या घेऊन जमतात. गरम गहू, वर साखर, असतील तर अक्रोड. मग तो गहू गच्चीवर पसरायचा, आठवडाभर उलथापालथ करत कडक वाळवायचा आणि गिरणीत भरडून आणायचा. चाळून जाड वेगळा, बारीक वेगळा. जाड भातासारखा शिजवायला, बारीक तब्बूलेला आणि किब्बेला, म्हणजे बुलगुर नि मटण एकत्र कुटून करतात त्या पदार्थाला. आधीच उकडलेला असल्याने तो किडीलाही लवकर बळी पडत नाही आणि शिजायला सरपणही कमी लागतं. जिथे हिवाळ्यात लाकूडफाटा मोजून जाळायचा, तिथे ही सोय लहानसहान नव्हे.

तब्बूले निघालंच आहे म्हणून सांगते. आपल्याकडच्या हॉटेलांतून तब्बूले म्हणून जे मिळतं ती बुलगुरची कोशिंबीर असते, वर हिरवे ठिपके. तेताच्या हातच्या तब्बूलेत हिरवंच सगळं. पार्सली जुडी जुडीने, धारदार सुरीने एकदाच कापलेली, पुन्हा पुन्हा सुरी चालवून चेचलेली नव्हे. थोडा पुदिना, टोमॅटो, कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल, आणि बुलगुर जेमतेम मूठभर. तो टोमॅटोच्या रसातच भिजतो. या प्रमाणाच्या बाबतीत लेबनीज माणूस अजिबात तडजोड करत नाही आणि माझ्या मते त्याने करूही नये.

बुलगुर हा कोपऱ्यातला. गच्चीचा मोठा भाग मात्र पांढऱ्या चादरींनी व्यापला होता आणि चादरींवर होतं किश्क.

किश्क कसं होतं ते नीट सांगायला हवं, कारण हा जिन्नस घाईत उरकण्यासारखा नाही. बुलगुर आणि दही एका मोठ्या परातीत कालवायचं. दही शक्यतो शेळीच्या दुधाचं, मीठ घालून. बुलगुर दही पिऊन फुगतो. दुसऱ्या दिवशी आणखी दही, किंवा टांगून घट्ट केलेलं लबने. मळायचं, झाकायचं. असं आठ-नऊ दिवस. रोज मळताना ते जास्त आंबट होत जातं आणि त्याला एक वास धरतो, कुरडयांच्या चिकाला तिसऱ्या दिवशी येतो त्याच जातीचा, पण त्यात शेळीची भर. तेता रोज सकाळी चिमटीभर तोंडात टाकून बघायची. तेवढ्यावर ठरायचं, आज दही घालायचं की मीठ की नुसतंच मळायचं. मी तिला दह्याचं माप विचारलं. तिने परातीकडे बोट दाखवलं.

या ओल्या अवस्थेतलं किश्कही खातात. हिरवं किश्क म्हणतात त्याला, हिरवं नसून. ताटलीत पसरून वर कांदा, अक्रोड आणि ऑलिव्ह तेलाची धार, रोटीने उचलून खायचं. मला ते वाळलेल्या किश्कपेक्षाही आवडलं, पण ते त्या चार-आठ दिवसांचंच.

मग वाळवणं. पिठाचे लहान लहान तुकडे तोडून चादरीवर टाकायचे. वरून कोरडे झाले, आतून अजून जरा ओले आहेत अशा वेळी शेजारच्या बायका जमतात आणि चोळायला बसतात. दोन तळहातांत तुकडा धरून तो भुगा होईपर्यंत चोळायचा. चाळायचा. चाळणीत राहील ते पुन्हा उन्हात, पुन्हा तळहातात. आता गिरणीत दळूनही मिळतं, पण तेता हाताने चोळणाऱ्यांतली. मी बसले तासभर. मीठ आणि आंबटपणा यांनी तळहात आधी गुळगुळीत होतात आणि मग चुरचुरायला लागतात. शेजारच्या बाईंनी माझे हात उलटे करून बघितले, काहीतरी बोलल्या आणि सगळ्या हसल्या. मैत्रिणीने भाषांतर करायचं नाकारलं.

हिवाळ्यात या पिठाचं काय होतं? पातेल्यात लसूण-कांदा परतायचा, त्यावर किश्क, मग पाणी, ढवळत राहायचं. दाटसर, आंबूस, अंगात ऊब आणणारी पेज. सकाळीच खायची, रोटी चुरून. किंवा टोमॅटो-कांदा-तेलात कालवून रोटीवर थापून भट्टीत द्यायचं, म्हणजे किश्कची मनूशे. मनूशे म्हणजे नाश्त्याची भट्टीतली रोटी. बहुतेक वेळा तिच्यावर झातर असतं, पुदिन्याच्या कुळातली झातर नावाचीच वनस्पती वाळवून तीळ आणि आंबट सुमाकबरोबर मिसळलेली. या मनूशेला २०२३ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलं. परीक्षेच्या सकाळी पोरांना झातर खायला घालतात, डोकं चालतं म्हणून. मैत्रिणीच्या मते तिचं गणित त्यानेही सुधारलं नाही.

पेजेत लसूण परतायचा तो मुळात कवर्मात. कवर्मा म्हणजे मेंढीच्याच चरबीत शिजवून त्याच चरबीखाली बुडवून ठेवलेलं मटण; मातीच्या बरणीत, गार जागी, हिवाळाभर टिकणारं. तिथल्या मेंढ्यांच्या शेपटीत चरबीचा भला मोठा गोळा असतो, त्याचा हा उपयोग. मी मटण खात नाही, त्यामुळे माझ्या पेजेत ऑलिव्ह तेल पडलं. तेताला ते पटलं नाही पण तिने घातलं. मात्र कवर्माची गोष्ट मला त्याच्या चवीहून महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात त्या डोंगराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

कवर्मासाठीची मेंढी उन्हाळाभर घरातच पोसायची. बायका हाताने तिला तुतीचा पाला भरवायच्या, घास घास करून, तिचं पोट भरलं तरी. तुतीचा पाला कुठून? रेशमातून. एकोणिसाव्या शतकात लेबनॉनच्या डोंगरात घरोघरी रेशमाचे किडे पाळत, कोश उकलायचे कारखाने होते आणि रेशीम फ्रान्सला, लियाँच्या मागांवर जायचं. उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात धान्याच्या जागी तुती आली. पैसा आला. धान्य काय, बेकातून आणि सीरियातल्या हौरानमधून विकत येत होतंच.

मग पहिलं महायुद्ध. समुद्राकडून दोस्त राष्ट्रांच्या आरमाराची नाकेबंदी, जमिनीकडून ऑटोमन सेनापती जमाल पाशाचा अंमल. धान्य सैन्याकडे वळवलं जात होतं आणि डोंगरात जाऊ दिलं जात नव्हतं. १९१५ च्या वसंतात टोळधाड आली आणि उरलंसुरलं हिरवं घेऊन गेली. व्यापाऱ्यांनी साठे दडवले. १९१८ पर्यंतच्या त्या दुष्काळात सुमारे दोन लाख माणसं गेली असं मानलं जातं, आणि त्या वेळी अख्ख्या डोंगराची वस्तीच चार लाखांच्या आसपास होती. गावंच्या गावं ओस पडली. ज्यांना शक्य झालं ते आधीच, नाहीतर नंतर, बोटीने ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेला गेले. तुतीचं पान मेंढीला चालतं, माणसाला नाही. नगदी पीक आणि रिकामी कणगी यांचा हिशेब तिथल्या लोकांना कुणी अर्थशास्त्रज्ञाने समजावून सांगायची गरज नाही. तेताच्या आजीने तो काळ बघितला होता. तेताच्या कोठीत गव्हाची गोणी संपायच्या आत दुसरी येते, आणि हे घरातल्या कुणालाही विचित्र वाटत नाही.

कोठीचं वर्णन करायचा मोह होतो आणि पान अपुरं पडेल याची भीतीही. अक्रोड, लाल मिरची नि लसूण भरून तेलात बुडवलेली बोटभर वांगी, त्यांना मकदूस म्हणतात. लबनेचे तेलातले गोळे. डाळिंबाचा काळाभोर आटवलेला रस. तीळ-अनीस घातलेला अंजिराचा मुरंबा. उन्हात आटवलेला टोमॅटो. गुलाबाचं सरबत. आणि एका फळीवर बाटल्यांच्या रांगा, फुलांच्या पाण्याच्या. कडू संत्र्याची फुलं वसंतात येतात. सैदाजवळचं मघदूशे हे गाव त्या पाण्यासाठी नावाजलेलं. तांब्याच्या भट्टीत फुलं आणि पाणी घालून वाफ काढायची, गार करायची. जड जेवणानंतर कपभर गरम पाण्यात त्याचे थोडे थेंब टाकून देतात आणि त्याला पांढरी कॉफी म्हणतात. कॉफीचा त्यात कणही नसतो. नसल्यानेच ती रात्री चालते.

गहू मात्र या सगळ्यात पुन्हा पुन्हा येतो. बाळाला पहिला दात आला की गहू उकडून साखर, सुकामेवा घालून शेजारीपाजारी वाटतात. चार डिसेंबरला संत बार्बराच्या सणाला पुन्हा उकडलेला गोड गहू. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात मांस नाही, दूधदुभतं नाही. तेव्हा बुलगुर आणि मसूर-चण्यांवरच भागतं. मैत्रिणीचा डबा या उपवासांनीच घडवला होता हे मला तिथे कळलं. तेलातल्या गार शेंगा, मुजद्दरा, भोपळ्याचं किब्बे, सगळे पदार्थ मूळचे उपवासाचे. गुड फ्रायडेला तर ‘साधूचं किब्बे’ करतात, मांसाशिवाय बुलगुर-पिठाच्या गोळ्या आंबट डाळीच्या रस्श्यात सोडून. मांसाहारी म्हणून प्रसिद्ध असलेल्या देशात आपल्यासारख्यांचं पोट इतकं छान भरतं त्याचं श्रेय या उपवासांना द्यायला हवं. हॉटेलवाले देत नाहीत.

खरं किब्बे अर्थात मांसाचंच. बारीक बुलगुर आणि मेंढीचं मटण दगडी उखळात लाकडी मुसळाने कुटून लोण्यासारखं करायचं. यंत्रं आली तरी उखळ अजून अंगणात असतं, आणि जुन्या माणसांच्या मते रविवारच्या सकाळी गावभर कुटण्याचा आवाज आला नाही तर तो रविवार कसला. कच्चं किब्बेही खातात, ताजं, वर तेल आणि पुदिना. माझ्यासमोर बशी आली, मी ती पुढे सरकवली, कुणी आग्रह केला नाही. आग्रहासाठी दुसऱ्या चोवीस बशा होत्या.

हो, त्या दिवशी खरोखरच बशांनी टेबल भरलं होतं. रविवार, झाहलेची बरदौनी नदी, काठावरची हॉटेलं, आणि मैत्रिणीचे वडील, ज्यांना सगळे जिद्दो म्हणायचे. मेझे, म्हणजे या सगळ्या बशा, हे भूक लागलेल्यांचं जेवण नव्हे, ते अरक या द्राक्षांच्या दारूच्या सोबतीचं खाणं आहे, हे त्यांनी मला सुरुवातीलाच ऐकवलं. म्हणजे पुन्हा कोठीच आली, कारण अरकही मूनेच. बेकातली ओबैदी नाहीतर मेरवाह द्राक्षं, त्यांचा रस आंबवायचा आणि तांब्याच्या भट्टीत तीनदा गाळायचा, शेवटी बडीशेपेच्या जातीचं अनीस घालून. आच अगदी मंद हवी, म्हणून रात्रभर कुणीतरी भट्टीशी बसतं आणि निखाऱ्यात बटाटे भाजत गप्पा मारतं. मग मातीच्या रांजणात मुरवायचं.

पिण्याचा क्रम ठरलेला. एक भाग अरक, दोन भाग पाणी, आणि बर्फ सगळ्यात शेवटी. अनीसचं तेल दारूत विरघळतं, पाण्यात नाही. म्हणून पाणी पडताच पेला दुधासारखा पांढरा होतो. बर्फ आधी टाकला तर ते तेल गोठून वर साय धरतं. दुसरा पेग त्याच पेल्यात ओतायचा नाही, पेला नवा. दर वेळी नवा. वेटर बिचारा पेले वाहून थकला. जिद्दोंचं म्हणणं, अरकवर माणूस झिंगतो ते चूक; घाईने पिणारा झिंगतो. ते स्वतः दुपारी एकपासून संध्याकाळी पाचपर्यंत एकाच वेगाने पीत, खात, बोलत होते, आणि पाचला उठून सरळ चालत गाडीपर्यंत गेले. गाडी मुलीने चालवली.

वाइनबद्दल मी फार लिहीत नाही, कारण त्याबद्दल इतरत्र भरपूर लिहिलं जातं. क्सारा इथे जेझुइट पाद्र्यांनी १८५७ पासून केलेली वाइन, बालबेकचं बॅकस या मद्यदेवाचं रोमन देऊळ, हे प्रवासी बघतातच. बालबेकला गेलात तर देवळानंतर सफिहा मात्र चुकवू नका, म्हणजे मांस खात असाल तर. खाटकाकडे मांस निवडायचं, तो कांदा-टोमॅटो घालून कालवून देतो, ते बेकरीवाल्याकडे न्यायचं, तो चौकोनी पुड्या करून भट्टीतून काढून देतो. बाकीच्यांनी मधल्या वेळात ताक प्यावं. मी प्यायले, ते उत्तम होतं.

२०१९ च्या ऑक्टोबरनंतरच्या लेबनॉनबद्दल लिहिताना मात्र सूर बदलावा लागतो. १९९७ पासून डॉलरला १,५०७ लिराच्या भावावर बांधून ठेवलेलं चलन कोसळायला लागलं आणि २०२३ च्या मार्चमध्ये बाजारात डॉलर एक लाख लिरांवर गेला. बँकांनी लोकांच्या डॉलरच्या ठेवी अडकवल्या. जिद्दोंनी चाळीस वर्षं मास्तरकी करून साठवलेलं सगळं त्यातच. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूत बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, दोनशेच्या वर माणसं गेली. स्फोटाच्या अगदी शेजारी धान्याची प्रचंड कोठारं होती, एक लाख वीस हजार टन क्षमतेची, कुवेतच्या कर्जातून बांधलेली. त्यांनी धक्क्याचा बराच भाग अंगावर घेतला, त्यामुळे मागचं शहर काही अंशी वाचलं. कोठारं मात्र फुटली आणि गहू समुद्रात आणि मातीत सांडला. जे आत अडकून राहिलं ते दोन उन्हाळे आंबत राहिलं, २०२२ च्या जुलैत त्याला आग लागली आणि उरलेल्या कोठारांचा काही भाग ढासळला. त्याच वर्षी युक्रेनचं युद्ध सुरू झालं होतं, आणि लेबनॉनचा बहुतांश गहू यायचा युक्रेनमधून.

२०२१ च्या उन्हाळ्यात सरकारी वीज दिवसाला एक-दोन तास, जनरेटरला डिझेल नाही. शहरातल्या लोकांचे फ्रीज म्हणजे नुसती कपाटं झाली. मैत्रिणीच्या बैरूतमधल्या बहिणीने फ्रीजरमध्ये साठवलेलं महिन्याचं मटण, किब्बे, चीज, सगळं एका आठवड्यात फेकलं. ती मुलांना घेऊन गावी आली. तेताच्या कोठीला वीज लागतच नव्हती. ज्या पद्धती शहरातल्या लोकांनी म्हाताऱ्यांचा छंद म्हणून सोडून दिल्या होत्या, त्या मुली फोनवर विचारून विचारून लिहून घ्यायला लागल्या. मूनेला गेली काही वर्षं बैरूतमध्ये प्रतिष्ठा आली होतीच; २००४ साली सुरू झालेल्या सूक अल तय्यब या शेतकरी बाजाराचा त्यात मोठा वाटा. तिथे देखण्या बरण्यांत किश्क मिळतं, आणि त्यात काही वाईट नाही, करणाऱ्या बायकांना पैसे मिळतात. पण त्या वर्षी बरणी देखणी आहे का हे कुणी बघत नव्हतं.

मी यावर फार सुंदर रंग चढवू इच्छित नाही. कोठी असली तरी औषधं नव्हती. तेताच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही दुबईहून नेत होतो. दूध पावडर, बॅटऱ्या, पेनकिलर, डॉलरच्या नोटा, असं काहीबाही भरून विमानंच्या विमानं बैरूतला उतरत होती. आणि ज्यांच्याकडे जमीन नाही, गाव नाही, लेबनॉनमधल्याच त्रिपोली शहराच्या गल्ल्यांत जे भाड्याने राहतात, त्यांच्यासाठी बेगमी हा शब्दच कुचकामी. बेगमी करायलाही आधी विकत घ्यायला पैसे लागतात. दक्षिणेत तर २०२३-२४ च्या युद्धात सीमेलगतच्या अनेक गावांना ऑलिव्ह झाडावरच सोडून पळावं लागलं. आपल्या देशाच्या शांतिसैनिकांची तुकडी १९९८ पासून त्याच भागात आहे, त्यामुळे कितीतरी भारतीय जवानांनी तिथल्या ऑलिव्हची तोडणी डोळ्यांनी पाहिली असेल.

लेबनीज खाणं जगभर गेलं ते अशाच बोटींतून आणि विमानांतून. ब्राझीलमध्ये किब्बे आणि सफिहा गल्लोगल्ली मिळतात, तिथल्या माणसाला ते ब्राझीलचंच वाटतं. उलटाही प्रवास आहे. अर्जेंटिनाहून परत आलेल्यांनी माते हे तिथलं पाल्याचं गरम पेय आणलं, आणि आज शूफच्या डोंगरातल्या द्रूझ पंथाच्या घरांत पाहुण्याला चहाआधी माते विचारतात, धातूच्या नळीने ओढायचं, एकच भांडं सगळ्यांत फिरवत.

औषधं रिकामी केलेल्या बॅगा तेता भरून द्यायची. रिकामी बॅग परत नेणं तिच्या लेखी अपमान. झातर, डाळिंबाचा रस, मकदूसची बरणी प्लास्टिकच्या सात पदरांत, आणि कापडी पिशवीत किश्क. एकदा मी दुबईहून तशीच पुढे मुंबईला आले, आईला दाखवायचं म्हणून पिशवीसकट. कस्टमच्या माणसाने बॅग उघडायला लावली. पांढरं पीठ, कापडी पिशवी, लेबल नाही. त्याची काही चूक नव्हती.

“काय आहे हे?”

“गहू आणि दही.”

“पावडर?”

“वाळवलेलं.”

त्याने पिशवीची गाठ सोडली, चिमूटभर तळहातावर घेऊन नाकाशी नेलं आणि मान वर न करता विचारलं, “किती दिवस आंबवलंय?”

“आठ-नऊ.”

“बाईंनी दोन दिवस जास्त ठेवलंय,” तो म्हणाला, आणि गाठ मारून पिशवी परत दिली.